मैदानावरच्या आवाजाचा सत्कार: शाल-श्रीफळ सोडून काहीतरी सुचवा

पर्वतीपायथा:

नमस्कार मंडळी.

आमच्या भागात दर मे महिन्यात टेनिस बॉलची स्पर्धा असते. सहकारनगरच्या अलीकडे. मैदान आपलं म्हणायला मैदान; एका अंगाला सोसायटीची भिंत, दुसऱ्या अंगाला रसवंती. मी हाफ चड्डीत बॉल आणून द्यायचो तेव्हापासून या स्पर्धेचं धावतं वर्णन एकच काका करत आलेत. पीएमटीत कंडक्टर होते, त्यामुळे माइक हातात आला की सगळी भाषा बसची. चौकार गेला की "टिंग टिंग, जाऊ द्या". षटकार भिंतीपलीकडे गेला की "चेंडू स्वारगेटला उतरला, सुट्टे द्या सुट्टे". कुणी नुसतंच टुकटुक करत बसला की "ओ भाऊ, दारात उभं राहू नका, आत सरका, मागं जागा आहे". गेल्या वर्षी एक पोरगा पहिल्याच बॉलवर गेला आणि बॅट काखेत मारून थेट काकांच्या टेबलापाशी आला. म्हणाला, "काका, माझ्यावर काहीच नाही बोललात?"

यंदा काकांनी सांगून टाकलंय, ही शेवटची. गुडघे गेलेत आणि दम लागतो.

मंडळाची मीटिंग झाली. ठराव: शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी, सन्मानचिन्ह, हस्ते माननीय. माननीय आले की पाऊण तास गेला. ज्या माणसाने आम्हाला इतकी वर्षं बोलून हसवलं त्याला शेवटच्या दिवशी खुर्चीत बसवून दुसऱ्याचं भाषण ऐकवायचं, ही मला शिक्षा वाटते.

मेव्हणा म्हणतो, अमेरिकेत बेसबॉलवाले कॉमेंटेटर लोकांना वेगळा पुरस्कार देतात, पुतळेबितळे उभारतात. खरंय का हे? नेमकं काय करतात? आपल्याला परवडेल असं त्यातलं काही असेल तर सांगा. बजेट वर्गणीतलं आहे, म्हणजे पुतळा बाद.

---

खडूस पेठकर:

पगडी अजिबात नको. आमच्या वडिलांच्या तीन पगड्या माळ्यावर धूळ खात आहेत, देता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. शालींचंही तेच.

माननीयांना बक्षीस समारंभाला बोलवा, तो वेगळ्या वेळी ठेवा. काकांच्या वेळेला व्यासपीठावर काकांशिवाय कुणी नको. आणि पत्रिकेत सहा लिहिलं असेल तर सहाला सुरू करा. कंडक्टर माणूस आहे, त्याला त्यातच आनंद होईल.

---

गिअरबॉक्स:

मेव्हणा बरोबर सांगतोय. मला या विषयात जरा जास्तच रस आहे, त्यामुळे लांबण लागेल, आधीच सांगतो.

चिंचवडच्या एका कंपनीने मला १९९९ मध्ये डेट्रॉइटला पाठवलं होतं. राहायला ट्रॉयला. पुण्यातले निम्मे गाडीवाले तेव्हा तिथेच भेटायचे. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. गाडीत रेडिओ लावला की एक म्हातारा, सावकाश, दक्षिणेकडच्या हेलात काहीतरी सांगत असायचा. अर्नी हार्वेल त्याचं नाव. डेट्रॉइट टायगर्सच्या सामन्यांचं वर्णन तो १९६० पासून करत होता. टीम रद्दड होती (२००२ मध्ये १०६ सामने हरली), तरी लोक ऐकायचे, कारण हार्वेल होता. प्रेक्षकांत गेलेला बॉल कुणी झेलला की तो बिनदिक्कत सांगायचा, "हा अमुक गावच्या गृहस्थांनी पकडला." मला वाटायचं, याला कसं कळतं? तर कळत काही नव्हतं, मिशिगनमधल्या गावांची नावं तो मनानेच घ्यायचा. पण आपल्या गावाचं नाव रेडिओवर कधी येतंय म्हणून लोक कान देऊन बसायचे. तुमच्या काकांचा 'चेंडू स्वारगेटला उतरला' वाचलं आणि मला हार्वेलच आठवला.

आता पुरस्काराचं. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं गाव आहे, तिथे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम. तिथून १९७८ पासून दरवर्षी फोर्ड सी. फ्रिक पुरस्कार देतात, तो रेडिओ-टीव्हीवर वर्णन करणाऱ्यांसाठीच. फ्रिक १९५१ ते १९६५ बेसबॉलचा कमिशनर होता, पण त्याच्या आधी क्रीडा वार्ताहर होता आणि रेडिओवरही बोलायचा. पहिल्या वर्षी दोघांना दिला, मेल ॲलन आणि रेड बार्बर. हार्वेलला १९८१ मध्ये मिळाला. डॉजर्सचा विन स्कली १९८२. तो १९५० ला ब्रुकलिनमध्ये लागला, टीमबरोबर लॉस एंजेलिसला गेला आणि २०१६ ला थांबला. ६७ मोसम, एकाच टीमसाठी. स्पॅनिश बोलणाऱ्यांनाही मिळतो. त्याच डॉजर्सचा हाइमे हारीन १९९८ चा मानकरी. हा गृहस्थ १९५५ मध्ये इक्वेडोरहून आला तेव्हा त्याने बेसबॉलचा सामना कधी पाहिलेलाही नव्हता.

एक गोष्ट मात्र मला खटकते. हा पुरस्कार मिळाला म्हणून माणूस हॉल ऑफ फेमचा सदस्य होत नाही. ते मान खेळाडू, मॅनेजर, पंच, पदाधिकारी यांना. निवेदकांची नावं वेगळ्या दालनात लावतात. म्हणजे पंगतीला बोलवायचं आणि पान ओसरीवर मांडायचं.

आणि तिकडे सगळे देव आहेत असंही नाही. १९९१ च्या मोसमानंतर हार्वेलला काढलं होतं. लोक इतके भडकले की विचारू नका. पुढच्याच वर्षी टीमचा मालक बदलला आणि नव्या मालकाने १९९३ साठी त्याला परत आणलं. मी ऐकत होतो ती त्याची शेवटची वर्षं, २००२ ला तो थांबला. त्याच वर्षी स्टेडियममध्ये त्याचा पुतळा बसवला. २०१० मध्ये तो गेला तेव्हा त्याचं पार्थिव स्टेडियममध्येच दर्शनाला ठेवलं होतं आणि दहा हजारांवर लोक रांगेत उभे राहिले. मी तेव्हा औंधला परत आलो होतो, बातमी नेटवर वाचली आणि त्या दिवशी ऑफिसात काम काही झालं नाही.

त्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४८ मध्ये तो अटलांटाच्या एका छोट्या टीमचं वर्णन करायचा. ब्रुकलिन डॉजर्सचा रेड बार्बर आजारी पडला, त्यांना माणूस हवा होता. अटलांटावाले म्हणाले, नेऊ शकता, पण बदल्यात तुमचा एक कॅचर (आपल्याकडचा यष्टिरक्षक समजा) द्या. दिला. निवेदकाच्या बदल्यात खेळाडू! क्लिफ डॅपर त्या कॅचरचं नाव. 'बोलणाऱ्याची काय किंमत' असं तुमच्या मंडळात कुणी म्हणालं तर हे ऐकवा.

आता परवडणारं काय, ते. मला विचाराल तर रेकॉर्डिंग करा. बाकी सगळं सोडा.

कारण सांगतो. ३ ऑक्टोबर १९५१, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स, निर्णायक सामना. शेवटच्या डावात बॉबी थॉमसनने होम रन मारून जायंट्सला जिंकून दिलं. तिकडे तो फटका म्हणजे आपल्याकडचा मियाँदादचा शारजाचा षटकार समजा, फक्त दुःख ब्रुकलिनचं. त्या क्षणी टीव्हीवर वर्णन करत होता हार्वेल, आणि रेडिओवर रस होजेस. आज अख्ख्या अमेरिकेला होजेसचं वर्णन पाठ आहे, हार्वेलचं कुणीच ऐकलेलं नाही. टीव्हीचं ते प्रक्षेपण कुणी जपून ठेवलंच नाही. होजेसचं कसं राहिलं? ब्रुकलिनमधल्या एका चाहत्याला त्या दिवशी कामावर जायचं होतं. जाताना तो आईला सांगून गेला, शेवट जवळ आला की रेडिओजवळच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाब. आईने दाबलं.

तुमच्या स्पर्धेच्या इतक्या वर्षांत कुणी बटण दाबलंय का?

---

पर्वतीपायथा:

गिअरबॉक्स, सलाम. ते निवेदकाच्या बदल्यात कॅचर मी मीटिंगमध्ये सांगितलं, खजिनदार हसून हसून खोकायला लागले.

नाही हो, बटण कुणीच दाबलेलं नाही. मोबाइलवरच्या क्लिपा आहेत, पण त्यात फटके आहेत आणि मागे कुणीतरी "वडापाव सांग रे" म्हणतंय. काका दुरून ऐकू येतात. दुसरी अडचण अशी की काकांना घरी बसवून "बोला" म्हटलं तर बोलत नाहीत. मी परवा मोबाइल पुढे धरला तर "चहा घेणार का?" म्हणाले आणि गप्प.

---

स्पूलवाली:

घरी बसवून नकोच. समोर सामना असला तरच ही माणसं बोलतात. मी बरीच वर्षं रेडिओवर नैमित्तिक निवेदिका होते. चांगल्या चांगल्यांना स्टुडिओच्या काचेआड बसवलं की घशाला कोरड पडताना पाहिलंय.

आमच्या वेळी खेळाचं वर्णन जपायची पद्धतच नव्हती. स्पूल महाग, आजचं पुसायचं आणि उद्याचं त्याच्यावर घ्यायचं. आमची पिढी बाळ ज. पंडितांचं मराठी वर्णन ऐकत वाढली. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, क्रिकेटवर आणि विनोदी असं दोन्ही लिहायचे. २०१५ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्यावर लेख भरपूर आले. त्यांचा आवाज ऐकावासा वाटला तर लेख कितीही वाचले तरी काय उपयोग?

तर कामाचं:

मोबाइल स्पीकरसमोर धरून घेऊ नका. कर्णा जे फेकतो ते ऐकायला ठीक असतं, रेकॉर्ड केलं की पत्र्याचं वाटतं. मंडपवाल्याच्या ॲम्प्लिफायरला मागे आउटपुट असतं. तिथून वायर काढून छोट्या रेकॉर्डरमध्ये घाला. आवाजाची पातळी आधी काकांना षटकार मारायला लावून बघा, म्हणजे षटकाराचं बोलायला लावून. साधं बोलताना बरोबर वाटतं आणि षटकाराला फाटतं, हे हमखास होतं.

काका ज्या माइकवर नेहमी बोलतात तोच राहू द्या. नवा भारी माइक आणलात तर ते त्याच्याकडेच बघत बसतील. फक्त त्याला स्पंज घाला, मेमधल्या दुपारी पर्वतीकडून वारा येतो.

दुसरा एक मोबाइल प्रेक्षकांत ठेवा, वडापाववाल्यासकट सगळं येऊ द्या. नंतर दोन्ही एकत्र करता येतं. सुरुवातीला माइकजवळ एक जोरात टाळी वाजवा, म्हणजे दोन्ही रेकॉर्डिंग जुळवायला खूण मिळते. निव्वळ काकांचा आवाज ठेवलात तर ते रिकाम्या मैदानावर बोलतायत असं वाटेल.

प्रत्येक सामन्याआधी काकांना तारीख, वार, दोन्ही टीमची नावं माइकवर सांगायला लावा. फाइलला दिलेलं नाव कुणीतरी बदलतं, तोंडी सांगितलेली तारीख आवाजातच राहते. आणि स्कोअरबुकाचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका. दहा वर्षांनी 'मंग्या गेला' ऐकल्यावर मंग्या कोण, हे त्यावरूनच कळेल.

---

गिअरबॉक्स:

तारखेचं अगदी पटलं! विन स्कलीने हेच केलं होतं. ९ सप्टेंबर १९६५, डॉजर्सचा पिचर (म्हणजे गोलंदाज) सँडी कोफॅक्सचा परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या २७ पैकी एकही फलंदाज बेसवर पोचू दिला नाही. शेवटच्या डावात स्कली मध्येच स्कोअरबोर्डवरची वेळ सांगतो, रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटं. कोफॅक्सला पुढे रेकॉर्डिंग ठेवता यावं म्हणून तो अशी वेळ मुद्दाम सांगायचा.

प्रेक्षकांच्या आवाजाचंही तसंच. १९७४ मध्ये हँक ॲरनने ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा स्कली आधी बॉल कुठे गेला ते बोलला आणि मग बराच वेळ गप्प. नुसती गर्दी ऐकू येते.

शिवाय रेड बार्बरची युक्ती काकांना सांगा. तो समोर अंडं उकडायचं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा. वाळू खाली आली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटं करायचा. रेडिओ आत्ताच लावलेल्या माणसाला स्कोअर कळायला नको का?

---

पर्वतीपायथा:

काकांना घड्याळाची गरज नाही. रसवंतीवर कुणी नवीन दिसला की ते आपणहून स्कोअर सांगतात. "आत्ता चढलेल्यांसाठी" असं म्हणून.

---

घाटकरी:

आम्ही खेड तालुक्यातले, क्रिकेटचं जास्त कळत नाही. पण निवेदकाचं आम्हाला विचारा. यात्रेत बैलगाडा शर्यतीचा घाट भरला की अर्धी गर्दी बैल बघायला आणि अर्धी निवेदक ऐकायला. बारी सुटली की "झाली रे झाली, भिर्रर्र..." असं त्याने ओढलं की अंगावर काटा येतो राव. कुठला बैल कुणाच्या दावणीचा, त्याची आई कोण, सगळं तोंडपाठ. २०१४ ला कोर्टाने बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात उठली. मधल्या काळात आमच्याकडं लोक जुन्या सीडीवर निवेदन ऐकायचे. बैल दिसले नाही तरी चालंल, आवाज लावा म्हणायचे. म्हणून त्या रेकॉर्डिंगवाल्या ताई बोलतात ते शंभर टक्के.

आणि एक. आमच्याकडं निवेदकाला तिथल्या तिथं रोख. अमक्या गाडामालकाकडून निवेदकाला पाचशे, तमक्याकडून हजार, आणि ते त्यानेच माइकवर सांगायचं. तुमच्याकडं पाकीट बंद करून हळूच देतात, ते कशाला? काकांची पेन्शन काय असल? प्रत्येक टीमच्या कॅप्टनने टेबलापाशी जायचं, रोख ठेवायची आणि काकांनीच नाव पुकारायचं. फेटा बांधायचा असल तर आम्ही येतो बांधायला.

---

बाकावरचा बारावा:

सगळं छान, पण एक विचारू का? गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेला अमेरिकेचे दाखले कशाला? आपल्याकडे काय कमी आहे? हॉकीचे जसदेव सिंग, २००८ मध्ये पद्मभूषण. हिंदी क्रिकेट कॉमेंट्रीचे सुशील दोशी, २०१६ मध्ये पद्मश्री, आणि इंदूरच्या होळकर स्टेडियममधल्या कॉमेंट्री बॉक्सला त्यांचं नाव आहे.

---

गिअरबॉक्स:

बारावे, कमी काहीच नाही, प्रश्नच बेसबॉलचा होता म्हणून. आणि बॉक्सला नाव देणं हे तुम्ही फार चांगलं आठवून दिलंत. डॉजर्सच्या स्टेडियममध्येही प्रेस बॉक्सला स्कलीचं नाव आहे, २०१६ पासून बाहेरच्या रस्त्यालाही. पर्वतीपायथा, तुमच्याकडे बॉक्स नसला तरी टेबल आहे ना?

आणि जाता जाता एक पुतळा सांगतो, कारण तो काकांना आवडेल. मिलवॉकीचा बॉब उकर. स्वतः सुमार खेळाडू, पण १९७१ पासून २०२४ पर्यंत ब्रुअर्सचं वर्णन केलं आणि स्वतःवर इतके विनोद केले की टीव्हीवर स्टार झाला. एका जाहिरातीत तो ऐटीत म्हणतो, मला नक्कीच पुढच्या रांगेत बसवणार, आणि त्याला नेऊन बसवतात स्टेडियमच्या पार वरच्या टोकाला. तर २०१४ मध्ये टीमने त्याचा आणखी एक पुतळा केला (एक बाहेर आधीच होता) आणि तो खरोखरच शेवटच्या रांगेत बसवला, जिथून खांबामुळे मैदानही धड दिसत नाही. शेजारची खुर्ची रिकामी, लोक तिथे बसून फोटो काढतात. मानही द्यायचा आणि माणसाचाच विनोद त्याला परत करायचा, हे मला पगडीपेक्षा कितीतरी जास्त आवडलं.

---

पर्वतीपायथा:

काल परत मीटिंग झाली. जे ठरलं ते लिहितो.

पगडी रद्द. शाल ठेवावी लागली, अध्यक्षांनी आधीच आणून ठेवली होती. माननीय शनिवारी, काकांचा कार्यक्रम रविवारी फायनलनंतर. भाषण फक्त काकांचं, तेही त्यांना वाटलं तर.

घाटकरींची रोख मंजूर, बिनविरोध. फेट्यासाठी तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतो.

टेबल लोखंडी आहे, मंडळाच्या मालकीचं. त्याच्यावर काकांचं नाव रंगवून घेतोय. आणि उकरवरून एक सुचलं: जुनी पीएमटीची दोघांची सीट एका भंगारवाल्याकडे मिळतेय. ती टेबलामागे कायमची ठेवायची, पुढच्या वर्षी जो कुणी बोलेल तो खिडकीच्या बाजूला बसेल आणि काका आले तर त्यांना शेजारी जागा. काकांना हे सांगितलेलं नाही, इथे कुणी ओळखत असलात तर फोडू नका.

रेकॉर्डिंग पहिल्या सामन्यापासून करायचं, फक्त फायनल नाही. माझा भाचा बघणार आहे, पण त्याला ते आउटपुट सापडत नाहीये. मंडपवाल्याचा ॲम्प्लिफायर जुना आहे, मागे तीन भोकं आहेत, एकावरचं नाव खोडलं गेलंय.

---

स्पूलवाली:

मागच्या बाजूचा फोटो टाका, उजेडात काढलेला. आणि तोवर कुठल्याही भोकात वायर घालू नका, त्यातलं एक स्पीकरचं असणार, रेकॉर्डर जळेल.